दादा, यंदा खरबूज लावतेय

दादा, मी खरबुजाचं बी आणलं. तू असतास तर हे असं तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती. पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात दडवलं असतं आणि तू संध्याकाळी फरीदाबादची मेट्रो पकडलीस की बाहेर काढलं असतं.

आयएनए मार्केटातल्या आपल्या बियाणंवाल्यानं मला पाहिलं आणि लगेच माझ्या मागे पाहिलं. दर फेब्रुवारीत आपण दोघं जायचो ना. "अंकल नहीं आए?" त्यानं विचारलं. "नहीं आए," मी म्हटलं. मान खाली घालून पाकिटं चाळायला लागले. आणि खरं सांगू? दोन मिनिटांत मी सगळं विसरले. तू गेल्याला महिना व्हायचाय आणि मी तिथं उभी राहून जाळीदार सालीचं घ्यावं की हिरव्या पट्ट्यांचं, आतून केशरी की आतून पांढरट, याच्यात गुंग झाले. तुला याचा राग येणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. बियांच्या पाकिटांपुढे उभा राहिलास की तू वहिनीलासुद्धा दुकानाबाहेर विसरून यायचास.

शेवटी दोन्ही घेतली.

आता बाकीचं ऐक, कारण यंदाचं सगळं मीच ठरवलंय आणि मला ते कुणाला तरी सांगायचंय. लक्ष्मीबाई नगरच्या तळमजल्याच्या सरकारी क्वार्टरला अंगण मिळतं ते केवढंसं. त्यात कपड्यांची तार, तुळस, कूलरचा स्टँड आणि उरलेल्या पट्टीत आपलं भांडण. तर भिंतीकडच्या मांडवावर दुधी, लांब जातीचा. तुझा गोल दुधी नाही. गोल दुधी दिसायला गोंडस, पण वजनानं मांडव वाकवतो आणि चिरायला घेतला की अर्धा बियांचा निघतो, हे मी तुला पाच वर्षं सांगत होते. तारेच्या कडेनं दोडका, तो तुझ्या आवडीचा. लाल भोपळा यंदा बंद. तो पसरतो, आणि गेल्या खेपेला पाइपवरून चढून वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या बाल्कनीत गेला आणि तिथंच फळला. आपल्या वेलाचे तीन भोपळे त्यांनी कापून वर आपल्यालाच एक फोड आणून दिली होती, आठवतं? तू ती फोड दोन्ही हातांनी घेऊन "थँक्यू जी" म्हणाला होतास. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला होता.

भोपळ्याऐवजी मी छप्पन कद्दू लावणार आहे. तू त्याला नाकं मुरडायचास. "वेलच नाही तो, नुसता जागेवर बसून असतो," म्हणायचास. अरे, तेच तर हवंय. झुडपासारखा एका जागी राहतो, दीड महिन्यात फळं देतो, कोवळी काढली की साल सोलायची गरज नाही. मिरी आणि लसूण घालून परतला की माझी ईशासुद्धा खाते. टिंडे मात्र नाहीत. दिल्लीत इतकी वर्षं काढूनही टिंड्यांवर आपलं दोघांचं एकमत राहिलं, हेही काही कमी नाही.

आणि कूलरच्या स्टँडपासून फाटकापर्यंतची उन्हाची जागा. ती जागा चिबडाची. निदान गेल्या जूनपर्यंत होती.

हे तुझ्यासाठी लिहितेय, पण दुसऱ्या कुणी वाचलं आणि ते कोकणाच्या बाहेरचं असलं तर त्यांना चिबूड सांगावं लागेल. ईशालाही मी असंच सांगते. चिबूड खरबुजाच्या घराण्यातलंच, पण स्वभावानं वेगळं. पिकलं की आपलं आपण तडकतं, आतून पिठूळ असतं, वास असा की घरात आणलेलं लपवता येत नाही, आणि गोडी अगदी बेताची. गूळ घालूनच खायचं. ईशा लहान असताना म्हणाली होती, "मामाच्या त्या भुसभुशीत फ्रूटपेक्षा खरबूज लाव ना, मम्मा. बिल्कुल टेस्ट नाही त्याला." तू तिच्याशी दोन तास बोलला नव्हतास. सहा वर्षांच्या मुलीशी, दादा.

पण खरबूज लावायला तुझी बंदी होती आणि बंदीमागचं कारण खरं होतं, हे मी मानते. खरबूज आणि चिबूड जवळ लावलं की मधमाशी दोघांचं लग्न लावून मोकळी होते. त्या वर्षी काही कळत नाही, फळ आपलं जसंच्या तसं. पुढच्या वर्षी ते बी पेरलं की कळतं. फौजेतून सुटून फरीदाबादला आलास, त्या पहिल्या उन्हाळ्यात तू माझ्या अंगणात दोन्ही शेजारी लावलीस आणि दुसऱ्या वर्षी जे फळ आलं त्याला साल खरबुजाची, वास चिबडाचा आणि चव भिजलेल्या पुठ्ठ्याची होती. नशीब, आईनं दिलेलं मूळ बी तू थोडं राखून ठेवलं होतंस. त्यानंतर तुझा हुकूम सुटला: या अंगणात खरबूज नाही, लांब ककडीसुद्धा नाही, कारण तीही याच गोतावळ्यातली. मी बाजारातून खरबूज आणलं तरी तू माझ्याकडे संशयानं बघायचास, जणू मी चिरलेल्या फोडी वेलावर नेऊन घासणार होते.

बाजारात चिबडाचं बी मिळतं. कुणीही कोकणातून आणून देईल. पण ते आईचं नाही. गावचं परस विकलं गेलं, तिथं आता कुणी वेल लावत नाही. आईचं बी जे उरलं ते तुझ्याजवळ, आणि तुझ्या गच्चीवरच्या ड्रममधल्या मातीत ते रुसतं म्हणून माझ्या जमिनीत. दर रविवारी तू लाजपत नगरला गाडी बदलून माझ्याकडे यायचास तो माझ्यासाठी की वेलासाठी, हे मी कधी विचारलं नाही. आधी फाटकाशी बसून वेल बघायचास, मग आत येऊन मला बघायचास.

माझा राग होता तो पहिल्या फळावर. माझं अंगण, माझं पाणी, सकाळी ऑफिसला निघायच्या आधी फुलं बघणारी मी, आणि पहिलं पिकलेलं चिबूड मला कधीच मिळालं नाही. ते जायचं फरीदाबादला, तुमच्या शेजारच्या चड्ढा आंटींकडे. वहिनीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या बाईंनी महिनाभर तुम्हाला पोळ्या पोचवल्या, त्याचं हे. पहिलं फळ घरात खायचं नाही, ज्यानं अडीनडीला हात दिला त्याला द्यायचं, ही आईची रीत. तू ते टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन जायचास. मेट्रोच्या तपासणीत जवान पडद्यावर तो गोळा बघून थांबायचा, "अंकल, ये क्या है?" आणि तू मागची रांग अडवून त्याला कोकण समजावून सांगायचास.

मी म्हणायचे, आईची रीत आईच्या परसात ठीक होती. तिच्याकडे वेलांचं रान होतं. पहिलं दिलं तरी मागे तसलीच डझनभर असायची, त्यातलं भरदार फळ ती बियांसाठी ठेवायची. आपल्याकडे तीन वेल. पहिलं आणि सगळ्यात चांगलं फळ तू देऊन टाकतोस, मग लूचं गरम वारं सुरू होतं, मागची फळं उन्हानं सुकतात, वाकडी होतात आणि बी आपण त्यांचं धरतो. म्हणजे दर वर्षी आपण सगळ्यात मरतुकड्या फळाला वारस नेमतो. मी म्हटलं, निदान फळ चिरून दे, बिया काढून ठेवू. तर तुझा चेहरा असा झाला, जणू मी तुला चोरी करायला सांगितली. "चिरलेलं फळ देतात का कुणाला? उष्टं दिल्यासारखं," म्हणालास. यावर आपण किती रविवार भांडलो, दादा. ईशा हेडफोन लावून आत जायची.

आणि मग संक्रांतीनंतरचा तो रविवार.

तू तिळाच्या वड्या घेऊन आलास आणि खिशातून बियांची पुडी काढून माझ्या तळहातावर ओतलीस. मी एक बी नखानं दाबलं. नुसतं टरफल. दुसरं दाबलं, तेही पोकळ. मला वाईट वाटलं होतं, पण तोंडातून वाईट वाटल्यासारखं आलं नाही. मी म्हणाले, "संपलं तुझं चिबूड. आईचं बी तू वाटून वाटून संपवलंस."

तू वाद घालशील असं मला वाटलं. तू नुसतं "बरं" म्हणालास. बिया परत पुडीत भरल्यास, पुडी खिशात ठेवलीस आणि अर्धा चहा ठेवून निघालास. फाटकापर्यंत मी आले नाही. पुढच्या रविवारी तू आला नाहीस. मीही फोन केला नाही. म्हटलं, फुगलाय, फेब्रुवारीत बी आणायला जायची वेळ झाली की येईल आपोआप. त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी वहिनीचा फोन आला, की तू गच्चीवर ड्रमांना पाणी घालता घालता खाली बसलास आणि उठलाच नाहीस.

या गोष्टीला काही इलाज नाही. मी तुझी लहान बहीण, तुला आयुष्यभर काय काय बोलले, पण शेवटचं हे बोलले. तुझ्या शर्टाच्या खिशात ती पुडी होती. वहिनीनं ती माझ्या हातात दिली तेव्हा ती काही बोलली नाही, म्हणजे तू तिला काही सांगितलं नव्हतंस. मी घरी येऊन त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. मला कसंही करून खोटं ठरायचं होतं. आठ दिवस वाट पाहिली. दोन रुजले आणि मोड बोटभर व्हायच्या आत कुजले.

आता पुढचं ऐक. हे सांगायलाच बसलेय.

तेराव्याला चड्ढा आंटी आल्या. पाहुणे उठून जाईपर्यंत भिंतीशी बसून राहिल्या, मग ओढणीखालून एक कापडी पिशवी काढून वहिनीच्या मांडीवर ठेवली. "मालती, तू कुछ खा नहीं रही. मगज हैं. सोचा था छील के लड्डू बना लाऊँगी, पर उँगलियाँ मुड़ती नहीं अब. दो-तीन साल के पड़े हैं. तू छील लेना, ताक़त आएगी." तुला माहीतच आहे, इकडे खरबुजाच्या बिया कुणी टाकत नाही. धुवायच्या, वाळवायच्या आणि सवडीनं सोलून आतला मगज लाडवात घालायचा. वहिनीला नाही म्हणवेना. आम्ही दोघी नेलकटर घेऊन बसलो. काहीतरी हाताला काम हवंच होतं. वहिनीनं सात-आठ सोलले, दोन मला दिले, मी खाल्ले. तिसरं मीच सोलायला उचललं आणि हात थांबला. बी जड होतं. भरलेलं, टपोरं, कडेला जराही चुरगळलेलं नाही.

"आंटी, ये खरबूजे के हैं?" मी विचारलं.

"ना पुत्तर. खरबूजे वाले तो मैं छील लेती थी. ये वो हैं, भाईसाब जून में लाते थे ना, पहला-पहला. सच बताऊँ?" त्यांनी तुझ्या फोटोकडे बघून आवाज खाली आणला. "हमें तो फीका लगता था. पर इतने प्यार से लाते थे, कहते थे माँ का है. बीज फेंकने का जी नहीं किया."

दादा, त्यांना ते कधीच आवडलं नव्हतं. काळं मीठ लावून, साखर लावून, कसंतरी संपवायच्या. हे तुला जिवंतपणी कुणी सांगितलं असतं तर तू चड्ढांचं घर सोडून दुसऱ्या गल्लीनं जायला लागला असतास. पण धुऊन, सावलीत वाळवून, लागोपाठच्या वर्षांचं पहिल्या, सगळ्यात चांगल्या फळाचं बी त्या बाईंच्या फळीवर पडून होतं, बोटं दुखतात एवढ्याच कारणानं वाचलेलं. आईच्या त्या बियांतले दोन दाणे मी गिळून बसले होते. वहिनीच्या हातातलं नेलकटर मी हिसकावलंच. ती घाबरली. तेराव्याच्या दिवशी, सगळं घर रडून दमलेलं, आणि मी मोठ्यानं हसत होते. मग रडले. मग आंटींना मिठी मारली. त्यांना काही उमगलं नाही, पण त्यांनी मला थोपटलं.

परत दहा दाणे ओल्या फडक्यात बांधले. दिल्लीची थंडी अजून गेली नव्हती, म्हणून पुरचुंडी राउटरवर ठेवली, तो सदा गरम असतो. ईशा म्हणाली, "मम्मा, वायफायवर मामाचं फ्रूट? अच्छा." तिसऱ्या दिवसापासून तीच तिच्या ऑफिसातून मला फोन करून विचारायला लागली, आले का, आले का. पाचव्या दिवशी सकाळी मी फडकं उघडलं. नऊ, दादा. दहातले नऊ. पांढरे, जाड, वळलेले मोड. मी आंघोळ न करताच फोटो काढून वहिनीला पाठवले. ऑफिसात सेक्शनमधल्या सगळ्यांना दाखवले. कुणाला काही समजलं नाही, तरी सगळे "वाह" म्हणाले.

तेव्हा हे तुला सांगायचंय. तुझं चिबूड संपलं नव्हतं. मी चुकले होते. तू बी वाटून संपवलं नाहीस, तू ते वाटलंस म्हणून राहिलं. मला हे तुझ्या तोंडावर सांगून, तुझा तो विजयी चेहरा सहन करून, वर दोन वर्षं तुझे टोमणे ऐकायचे होते. मी आनंदानं ऐकले असते.

आता जागेचा प्रश्न. माझ्या अंगणात चिबूड लावलं तर परत खरबुजाला बंदी. खरं तर मी खरबुजाची ती पाकिटं परत करायला निघाले होते. वहिनीनंच अडवलं. म्हणाली, "तू लाव तुझं खरबूज. पोरीनं किती वर्षं मागितलंय. चिबूड इकडे लावू." मी म्हटलं, तुमच्या ड्रममध्ये ते रुसतं. तर म्हणाली, "ड्रममध्ये कशाला? चड्ढांच्या घरापुढे एवढी माती मोकळी पडलीये, त्या नुसती शोभेची गवतं लावतात. मी विचारलंय. बिल्कुल लगाओ म्हणाल्या." आणि बघ, किती सरळ होतं हे. खरबूज लक्ष्मीबाई नगरात, चिबूड फरीदाबादला. कुठली मधमाशी लाजपत नगरला गाडी बदलून येणार आहे? इतकी वर्षं भांडलो आणि आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. कदाचित तुला सुचलंही असेल. पण मग तुला दर रविवारी माझ्याकडे यायला काही निमित्त उरलं नसतं. असं मी आपलं धरून चाललेय.

काल मी रोपांचे पेले खोक्यात घालून मेट्रोनं घेऊन गेले. तपासणीतल्या जवानानं विचारलं, "मैडम, इसमें क्या है?" मी त्याला आईपासून सगळं सांगितलं. मागचे लोक कुरकुरायला लागले.

आळी वहिनीनं स्वतः खणली, तुझ्या टिकावानं. तुझे जुने बूट घालून उभी होती. अंतर बरोबर ठेवलं तिनं, शेणखत आधी घातलं, कडेला पाण्याची नळी वळवून घेतली. तुझं बघून बघून तिला सगळं येतंय आणि तिनं हे आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. चड्ढा आंटी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि दर रोपाला "जीता रह" म्हणत होत्या. नऊ रोपं लागली. माती दाबून झाल्यावर मी हात धुतले आणि वहिनीला अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की यंदा पहिलं फळ मी नेणार. बी मी धरीन, नीट धरीन, आता हा घोळ परत नको.

वहिनी नळाखाली बूट धूत होती. "पहिलं चड्ढांचं," ती म्हणाली.

"त्यांना आवडत नाही, वहिनी. त्यांनीच सांगितलं."

"ऐकलंय मी. तरी पहिलं त्यांचं. न चिरता. जमीन त्यांची आहे, आणि बी राखायची अक्कल त्यांच्याकडेच निघाली. तू दुसरं ने."

म्हणजे दादा, पहिलं चिबूड याही वर्षी मला मिळायचं नाही. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, तीन वेल, लू, वाकडी फळं, सगळं. वहिनी माझ्याकडे बघत थांबली होती. तिलाही बहुतेक भांडण हवं होतं, महिनाभर तिच्या घरात कुणी भांडलेलं नाही.

मी म्हटलं, "बरं." आणि मग तिला विचारलं, रविवारी किती वाजता येऊ.